त्या सकाळी तृतीया होती

फिलू,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुमच्यात अकराव्याचं काय नसतं, चर्चमध्ये सातव्या दिवसाची मिस झाली की झालं. पण माझी बोटं आमच्याच रीतीने मोजतात. जन्मभर आपण दोघी मालवणीत भांडलो, पण कागद घेतला की मला चौथीत शिकले तेवढं मराठीच येतं, म्हणून तसं लिहिते. तू असतीस तर म्हणाली असतीस, मास्तरीण झाली बघा जना.

मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय घास उतरत नाय, आणि सांगायला बसले की दुसरंच आठवतं.

आमचे हे बोटीवर गेले ते आलेच नाहीत, तेव्हा मी तिशीची होते. पोरगा तीन वर्षांचा. सासू म्हणाली, पांढऱ्या पायाची. मी चुलीपुढे बसून राहिले, किती दिवस ते ठाऊक नाय. मग मागच्या दाराने तू आलीस, हातात दोन टोपल्या. तुझ्या-माझ्या घरात एक कुंपण, पण तोवर आपण धड चार वाक्यं बोललो नव्हतो. तू म्हणालीस, "रडान झाला? मगे चल. सुकती लागली आसा."

सुकतीला पाणी उतरलं की खडकांची खडपं उघडी पडतात आणि त्यांना कालवं चिकटलेली असतात, एवढं मला ठाऊक होतं. ती फोडायची कशी ते तू शिकवलंस. घाव तोंडावर घालायचा, पाठीवर नाय. पहिल्या दिवशी मी कालवांपेक्षा बोटंच जास्त फोडली. परत येताना तू तुझ्या टोपलीतली मूठ मूठ काढून माझ्या टोपलीत टाकलीस. रिकाम्या टोपलीने सासूपुढे उभी राहू नको म्हणालीस. गावात बोलणारे बोलले, विधवा बाई किरिस्तावणीबरोबर समुद्रावर फिरते. तू त्यांच्या दारावरून मुद्दाम मोठ्याने हाका मारत मला न्यायचीस.

तेव्हापासून आपला नियम झाला. एकीला बरं नसलं की तिने बसायचं, दुसरीने दोन्ही टोपल्या भरायच्या. सुकती वाया घालवायची नाय. तुझ्या बाळंतपणात मी भरल्या, माझ्या तापात तू भरल्यास. कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

भांडण आपलं एकच, वेळेचं. माझ्या वडिलांनी मला शिकवलं होतं, जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. त्यातून सहा तास मागे गेलं की पुरी सुकती. तुझ्या लेकीने, रीटाने, शाळेतल्या नोकरीच्या पहिल्या पगारात तुला मनगटावरचं घड्याळ आणलं आणि तू माझ्यामागे लागलीस. "तुजा घड्याळ पंचांगात, माजा हातात." मी म्हणायचे, तुझं सेलावर चालतं, माझं चंद्रावर, चंद्राचा सेल संपलेला बघितलायस कधी? खारं पाणी लागेल म्हणून खडपावर येताना तू ते घरी काढून ठेवायचीस, आणि तिथे मलाच विचारायचीस, किती वाजले गो पंचांगवाले. मी सांगायचे. घरी गेल्यावर तू गुपचूप घड्याळ बघायचीस आणि काय बोलायची नाहीस. म्हणजे माझं बरोबर असायचं.

हे बरोबर असणं माझ्या डोक्यात बसलं, फिलू. फार बसलं.

त्या दिवसाच्या आठ दिवस आधी तुझ्या ओटीवर चहा पीत होतो. कप तुझ्या हातातून सुटला. कपाचं काय नाय, पण तू माझ्याकडे बघत होतीस आणि तुला 'जना' म्हणता येत नव्हतं. दोन-चार मिनिटं. मग आलं तसं गेलं. मी म्हटलं, रीटाला फोन करते. दर शनिवारी ती जामसंड्याहून येते, तुझ्या प्रेशरच्या गोळ्या बघते, तिला कळायला हवं. तू माझं मनगट धरलंस, उजव्याच हाताने घट्ट धरलंस. "बघ, हात बरो आसा. रीटाक सांगलंस तर माजा तोंड बघू नको." मी नाय सांगितलं. पुढे मी रीटाच्या माघारी इस्पितळातल्या डॉक्टरणीला हे सांगितलं, तर म्हणाली की ती सूचना होती. गुठळी आली, अडली आणि सरकली. अशी सूचना सगळ्यांना मिळत नाय, म्हणाली, तेव्हाच आणलं असतं तर गोळ्यांनी थोपवता आलं असतं. मी खाली मान घालून ऐकलं. तुझी शपथ पाळली म्हणून कुणी मला शाबासकी देणार नव्हतं.

आता त्या दिवसाचं.

संकष्टी होती. मी उपाशी, तू पेज खाऊन आलेली. थंडी सरत आलेली आणि पाणी लांब मागे गेलेलं. मला नीट आठवतं, पाणी अगदी तळाला जाऊन थांबलं होतं, ना पुढे ना मागे. तेव्हाच तुझ्या हातातली हातोडी पडली. उचलायला गेलीस तर बोटं मिटेनात. "माजो हात बघ गो, दुसऱ्याचो झालो," म्हणालीस आणि हसलीस. शब्द जड होते, पण कळत होते. मी तुला खडपाच्या सावलीला टेकवून बसवलं, म्हटलं, घरी जाऊया. तू डाव्या हाताने मला हाकललंस. "वायच चक्कर इली. तू सुकती घालवू नको."

मी घालवली नाय. मी कालवं फोडत बसले. माझी टोपली भरली, मग तुझी घेतली. मधेमधे वळून बघायचे. तू डोळे मिटून बसली होतीस, मला वाटलं, पडूदे जरा. तुझी टोपली मी माझ्यापेक्षा वर भरली. पाणी परत फिरून घोट्याला लागलं तेव्हा उठले. टोपल्या वाहून जाऊ नयेत म्हणून आधी त्या दोन्ही वर कोरड्या पुळणीत नेऊन ठेवल्या, आणि मग तुला न्यायला आले. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच झालं. आधी टोपल्या नेल्या.

तोंडाला पाण्याची बाटली लावली तर पाणी उजव्या कडेने गळून गेलं. तोंड वाकडं झालेलं. तू मला काहीतरी सांगत होतीस आणि त्यात एक शब्द नव्हता.

तुला कशी ओढत आणली ते मला सांगता येणार नाय. तुझा उजवा पाय वाळूत रेघ काढत येत होता. वर जाळी विणत बसलेले बापये धावले, त्यांनी तुला उचललं, रीटाला फोन लावला. दोनदा वाजून गेला, तिसऱ्यांदा तिने घेतला. जवळच्या दवाखान्यात डॉक्टराने एकदा बघितलं आणि हात लावला नाय. म्हणाला, इथे वेळ काढू नका, जिथे डोक्याचा फोटो निघतो तिथे न्या. गाडी मिळाली, जामसंड्याला रीटा चढली, आणि मग तो दीड तासाचा रस्ता. रीटा तुझा हात चोळत होती. मी उपाशी आहे हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण घाटावरची, वयाने रीटाहून लहान. पण नीट समजावलं हो तिने, मला बाजूला सारलं नाय. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार नळ्या मानेतून वर जातात, दोन पुढून, दोन मागून. तुझ्या डाव्या अंगाच्या नळीच्या फाट्यात बिघाड झालेला, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. पण बिघाड कसला ते बाहेरून कळत नाय. गुठळी अडकली तरी माणूस असाच दिसतो, नळी फुटून रक्त सांडलं तरी असाच. एकावर जे औषध तेच दुसऱ्याला विष. म्हणून आधी फोटो. फोटोत रक्त सांडलेलं नव्हतं. गुठळीच होती. रीटाने देवाचं नाव घेतलं.

मग ती माझ्यापुढे वाकून बसली. "आजी, आता नीट आठवून सांगा. पहिल्यांदा हात गळाला तेव्हा किती वाजले होते?"

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, म्हणाली, पण साडेचार तासांच्या आत. जितकं लवकर तितकं बरं. वेळ टळली की रक्त न मिळालेला भाग नाजूक झालेला असतो, वाट मोकळी होऊन रक्त जोरात आलं की तिथे फुटतं. वेळेत दिलं तरी एखाद्याला फुटतं, तेवढा धोका घ्यायचा. पण वेळ टळली असेल तर मी ते देणार नाही.

समोर घड्याळ होतं. एकाला वीस मिनिटं कमी. रीटा माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे सांगायला एकच गोष्ट होती, थांबलेलं पाणी. आज संकष्टी, म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, नऊला सुकती. मी म्हटलं, नऊ वाजले होते. डॉक्टरणीने विचारलं, नक्की? खात्री नसेल तर तसं सांगा. मी म्हटलं, नक्की, माझं पाणी चुकत नाय. रीटाने पण मान हलवली. काकीचं चुकत नाही, म्हणाली, आणि कागदावर सही केली.

तासाभरात तुझी बोटं हलली. मग कोपर. मग तू डोळे उघडून माझ्याकडे बघितलंस आणि पहिला शब्द काय काढलास, तर "माजी टोपली खंय आसा?"

मी हसू की रडू मला कळेना. बोलणं बोबडं होतं, पण तुझंच होतं. रीटा म्हणाली, माय, काकीने पाण्यावरून वेळ सांगितली म्हणून इंजेक्शन मिळालं. तर तू म्हणालीस, "तिथीवर दिल्यानी माका इंजेक्शान? कागदार गणपतीन सही केल्यान?" मी म्हटलं, "गप रव गो. तोंड परत इला, तर पयला माकाच बोलतंस." बाजूच्या खाटेवरची बाई पण हसली.

आणि मग तू रीटाला जवळ बोलावून विचारलंस, "प्रकाश जेवलो काय?"

नऊ वर्षं झाली रीटाच्या लग्नाला. तू गेली नव्हतीस. प्रकाश आमच्यातला, मंगलाष्टकं झाली, तुला चर्चमध्ये व्हायला हवं होतं. रीटा दर शनिवारी यायची, पण त्याचं नाव तुझ्या घरात निघायचं नाय. किती वेळा मी तुला म्हटलं, आणि किती वेळा तू मला म्हणालीस, तुझा जावई नाय तो, तू गप. त्या दुपारी तू त्याचं नाव घेतलंस. रीटा बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडली. पुन्हा आत आली, आणि तुम्ही दोघी बोलत बसलात. मी मुद्दाम लांब जाऊन बसले. काय बोललात ते मला ठाऊक नाय, पण तू तिच्या केसांवरून हात फिरवत होतीस. उजवा हात.

दिवेलागणीला तू म्हणालीस, डोकं दुखतं. मग फार दुखतं. मग उलटी झाली आणि तुझे डोळे मला ओळखेनासे झाले. पुन्हा फोटो काढला. तीच डॉक्टरीण, पण या वेळी वाकून बसली नाय, उभ्यानेच बोलली. आता रक्त सांडलं होतं. सकाळी अडलेलं, संध्याकाळी फुटलेलं. ऑपरेशन सोसेल असं तुझं काय उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस. मी चंद्र बघितला नाय की उपास सोडला नाय. कधी खाल्लं तेही आठवत नाय.

सातव्याच्या मिसला मी मागच्या बाकावर बसले. घरी येऊन दिवस मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला. त्या दिवसाच्या चौकोनात मोठ्या अक्षरात संकष्टी. खाली बारीक अक्षरं होती. ती कधी बघायला लागत नाहीत, त्या दिवशी उगीच बोट ठेवून वाचली. दुपारपर्यंत तृतीया होती. चतुर्थी दुपारनंतर लागली.

संकष्टी धरतात ती चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी, सकाळी तृतीया असली तरी. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. शेंबड्या पोरीला ठाऊक असतं. उपास चतुर्थीचा होता, फिलू, पाणी तृतीयेचं होतं. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सुकती सव्वाआठला. तिथून साडेचार तास पाऊण वाजता सरले, आणि तुला सुई टोचली तेव्हा एक वाजून गेला होता. मी भिंतीला कॅलेंडर परत लावायला उभी राहिले तर खिळा सापडेना.

कालवं फोडत बसले नसते तर तिथीची गरजच पडली नसती, सव्वाआठ धरा की नऊ, दोन्हीकडून वेळेत होतं. आणि खरी वेळ सांगितली असती तर सुई टोचलीच नसती. तू वाचली असतीस, अर्धं अंग घेऊन, बोलणं नसलेली. तुझी आई तशी सहा वर्षं खाटेवर होती. तू तिचं सगळं केलंस आणि मला म्हणायचीस, माझं असं झालं तर मला समुद्रात सोड. पण बोलणं वेगळं. मी सोडायची कोण? आणि ती दुपार? माझ्या चुकीनेच ती दुपार मिळाली, माझ्या चुकीनेच ती संपली. डॉक्टरीण म्हणाली होतीच, वेळेतही एखाद्याला फुटतं. रात्रंदिवस मी ते वाक्य फिरवून बघते. त्यावर डोकं टेकायला जाते आणि ते सरकतं.

मी गप बसले असते. खरं सांगते, बसले असते. इथे कुणाला तिथी बघायची पडलीय? पण रीटा झोपत नाय. प्रकाश सांगायला आला होता. शाळेत जाते, येते आणि फोन हातात घेऊन बसते. पहिले दोन फोन तिने घेतले नव्हते, वर्गात होती. ती पाच मिनिटं गेली नसती तर माय वाचली असती, हे तिच्या डोक्यात बसलंय. कोण काय सांगेल ते ऐकत नाय.

म्हणून काल मी जामसंड्याला गेले. दोघी ओटीवर बसलो. मला पाहिल्यावर ती म्हणाली, "काकी, मी दोनदा फोन घेवक नाय."

मी म्हटलं, तुझे फोन बाजूला ठेव. आणि सगळं सांगितलं. चहाचा कप सांगितला. कालवं सांगितली, टोपल्या आधी नेल्या ते सांगितलं, तृतीया सांगितली. तिला दोनदा सांगावं लागलं नाय, माझा हिशेब तिला लहानपणापासून येतो. तिच्या तोंडावरचं सगळं हळूहळू थांबलं.

"हात गळलो तेवा तू कालवां काढत रवलंस?"

"होय."

"किती येळ?"

"पाणी पायाक लागासर."

घोट्यापर्यंत पाणी यायला किती लागतं ते समुद्रावरच्या पोरीला सांगायला नको. समोरच्या नारळांकडे बघतच ती म्हणाली, "काकी, तुजी एसटी येतली."

चहा विचारला नाय. नऊ वर्षांत मी तिच्या घरून कोरड्या तोंडाने आले नव्हते. थांब्यापर्यंत सोडायला आली नाय. मी फाटकाशी वळून बघितलं तर तिने हातातला फोन ओटीवर पालथा ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीवर मोकळे होते.

आज सकाळी प्रकाशचा फोन आला. रीटा रात्रभर झोपली, म्हणाला. तुमचं नाव काढायचं नाही म्हणते.

काढू नये तिने. मला चालेल. आधी सासूचा राग ओढला, मग गावाचा, हा पण ओढीन.

पण तू? चाळीस वर्षं मी काही केलं की तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू यायचं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुझा आवाज यायचा. अकरा दिवस मी कान लावून बसले आहे, फिलू. ह्या एका गोष्टीवर तू काय म्हणतेस ते मला ऐकू येत नाय.

तुझी,
जना